भेंडी नव्हे, भेडी: कोलकात्याच्या सांडपाण्यामागे चार दिवस

नोकरीची ३१ वर्षं मी मैलाशुद्धीकरण केंद्रात काढली. जाळीत अडकलेला कचरा, फेसाळलेल्या टाक्या, ब्लोअरची घरघर आणि घरी आल्यावर उंबऱ्यातच ऐकू येणारं "आधी आंघोळ करा", यात उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झालो तेव्हा बायको म्हणाली, आता कुठेतरी लांब जाऊ. मी म्हटलं, कोलकात्याला जाऊ, भेडी बघू. संध्याकाळी ती बहिणीला फोनवर सांगत होती, "अगं, यांना भेंडी बघायला कोलकात्याला जायचंय. आपल्या मंडईत मिळत नाही जणू."

भेडी म्हणजे माशांचं उथळ, भलंमोठं तळं. कोलकात्याच्या पूर्वेला अशी अडीचशेच्या आसपास तळी आहेत आणि त्यांत शहराचं सांडपाणी सोडून मासे वाढवतात. तळी, भातखाचरं आणि भाजीचे मळे धरून १२,५०० हेक्टरचा हा पाणथळ पट्टा. वीसेक वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनातल्या मनात हसलो होतो. आमच्या विजेच्या बिलाचा निम्मा वाटा नुसता पाण्यात हवा फुंकण्यावर जायचा. एक ब्लोअर बंद पडला की रात्री दोनला फोन. आणि इथे म्हणे ब्लोअरच नाहीत!

सौदा असा ठरला: दोन दिवस माझे, दोन दिवस तिचे. प्रत्यक्षात माझे तीन झाले. त्यात माझा हात नव्हता.

पहिला दिवस

सकाळी हावड्याला उतरलो. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, पण आभाळ भरून आलेलं, बारीक पाऊस. दुपारी दक्षिणेश्वर झालं. संध्याकाळी प्रिन्सेप घाटावर मातीच्या भांडातला चहा घेत बसलो. भांड म्हणजे आपलं कुल्हड, घोटभर चहाचं. ही नदीकडे बघत होती, मी सवयीने काठावर नाल्याची तोंडं शोधत होतो.

एवढ्या मोठ्या शहराचं पाणी शेजारच्या हुगळीतच पडत असणार असं कुणालाही वाटेल. पण शहराचा उतार उलटा आहे. हुगळीने पुरागणिक गाळ टाकून स्वतःचेच काठ उंच केले, त्यामुळे जमीन नदीपासून पूर्वेकडे उतरत जाते. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात विटांची भुयारी गटारं बांधली ती हाच उतार धरून. पामर ब्रिजसारख्या ठिकाणी पंप लावून पाणी पूर्वेच्या कालव्यांत ढकललं जातं. तिकडे पूर्वी विद्याधरी नदी होती, भरतीचं पाणी आत आणणारी. ती गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये मृत म्हणून जाहीर झाली. मग आणखी पूर्वेच्या कुलटी नदीपर्यंत लांबलचक कालवे खोदले गेले. इकडे भरतीचं खारं पाणी यायचं थांबल्यावर खाऱ्या तळ्यांतले मच्छीमार अडचणीत आले होते. जवळून काळं पाणी वाहतंय म्हटल्यावर त्यांनी ते थोडं थोडं तळ्यात घेऊन बघितलं. कुठल्याही खात्याने आखलेली ही योजना नव्हे. आमच्या खात्यातल्या माणसाला हे पचवायला जरा जड जातं.

राहायचं असेल तर सायन्स सिटीच्या आसपास, बायपासच्या बाजूला राहा. जुन्या शहरात राहिलात तर भेडीवर पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं, आणि खरी गंमत उजाडण्याआधी आहे.

दुसरा दिवस

आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने बानतलाच्या बाजूच्या एका भेडीवर जायचं ठरलं होतं. पहाटे पावणेपाचला निघालो. मुख्य रस्ता संपला तिथे टॅक्सीवाल्याने पुढच्या चिखलाकडे बघून नकारार्थी मान हलवली. तो बरोबरच होता. शेवटचा किलोमीटरभर मोबाईलच्या उजेडात बांधावरून घसरत गेलो. ही मागून म्हणत होती, "लग्नाआधी सांगितलं असतंत तर विचार केला असता."

भेडीचा राखणदार काठावर उकिडवा बसला होता. लुंगी, स्वेटर आणि माकडटोपी. मला साठ ओलांडून वर्ष झालेलं, तो माझ्याहून मोठाच असावा, तरी तो मला दादा म्हणत होता आणि मी त्याला. त्याने ओठावर बोट ठेवून पाण्याकडे हात केला.

आधी फक्त आवाज आला. चुळुक, चुळुक, जणू शेकडो लोक एकदम गरम चहाचा घोट घेतायत. मग पूर्वेकडे फटफटलं तसं दिसलं: पाण्यावर सगळीकडे गोल तोंडं. मासे तोंड वर काढून हवा ओढत होते. "खाबि खाच्चे," राखणदार म्हणाला. धाप लागलेल्या, जीव घुसमटणाऱ्याला बंगालीत असं म्हणतात.

माझ्या पोटात गोळा आला. हा देखावा मला ठाऊक होता, फक्त आमच्याकडे तो आकड्यात दिसायचा. हवेच्या टाकीत विरघळलेला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की पॅनेलवर लाल दिवा लागायचा. इथे लाल दिव्याचं काम मासे करत होते. कारण साधं आहे. हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही आपल्यासारखं श्वास घेतं, जिवाणूही घेतात, मासेही. त्यामुळे उजाडण्याच्या आधीची वेळ सगळ्यात कठीण. त्यात दोन दिवस ढग होते, म्हणजे दिवसाची कमाईच तुटपुंजी.

राखणदाराने सांडपाणी आत घ्यायच्या मोऱ्यांवरच्या पोराला हाक मारून सांगितलं, "आज जोल देबो ना." आज सांडपाणी घ्यायचं नाही. नवी घाण आली की ती खायला जिवाणू तुटून पडतात आणि उरलासुरला प्राणवायू संपवतात. दोन जण बांबू घेऊन पाण्यात उतरले आणि पाणी झोडपायला लागले. त्याने हवा मिसळते. आमच्या ब्लोअरचंच काम, दोन माणसं आणि दोन बांबू. आठच्या सुमारास ढग फाटले, ऊन आलं. नऊपर्यंत एकेक तोंड खाली गेलं.

मग त्याने मला पाणी तपासायची पद्धत दाखवली. काठावर ओणवं होऊन पंजा आडवा धरायचा आणि हात सरळ पाण्यात घालत जायचा. पंजा कुठे दिसेनासा होतो ते बघायचं. मनगट बुडतंय तोवरच पंजा गायब झाला, तर पाणी फार दाट, शेवाळ माजलंय, सावध राहा. कोपर बुडाल्यावरही बोटं मोजता येत असतील तर पाणी भुकेलं आहे, सांडपाणी सोडा. त्या दिवशी माझा पंजा कोपराच्या चार बोटं अलीकडे नाहीसा झाला. "भालो," तो म्हणाला. मग तोच हात नाकाशी नेऊन हुंगला. मी नोकरीत जेवढे नमुने प्रयोगशाळेत पाठवले त्यांचे अहवाल पाच दिवसांनी यायचे, कारण ती चाचणीच पाच दिवसांची असते. तोवर ते पाणी कधीच पुढे गेलेलं असायचं.

जुन्या सवयीने खिशात आम्ल-अल्कली तपासायच्या पट्ट्या होत्या. पहाटे पट्टी ७ च्या आसपास आली. दुपारी दोनला ९ च्या जवळ. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून पाणी दिवसा अल्कधर्मी होत जातं. आतड्यातून आलेल्या रोगजंतूंना हे मानवत नाही, त्यात वरून ऊन. तळी उथळ का, याचं उत्तर इथेच मिळतं. छातीपेक्षा खोल पाणी फारसं कुठे नाही, प्रकाश खोलवर पोचतो. आम्ही याच कामाला क्लोरीन वापरायचो.

दुपारी खोपटात जेवण. भेडीचाच रोहू, बटाटा आणि शेजारच्या धापा भागातल्या मळ्यातला फ्लॉवर घालून केलेला पातळ झोल आणि भात. माझी बायको मालवणकडची. गोड्या पाण्यातल्या माशाला ती आयुष्यभर "चिखल" म्हणत आलेली, आणि हा चिखल तर कोणत्या पाण्यातला ते तिने सकाळपासून बघितलं होतं. मी श्वास रोखून बघत होतो. तिने काटा काढला, घास घेतला, थोडा वेळ गप्प राहिली. "मोहरी बरी लागली आहे," एवढाच अभिप्राय. भात मात्र दोनदा घेतला.

जेवणानंतर तिचा सौदा मोडला. मी नातवासाठी घेतलेलं कागदाचं घडीचं सूक्ष्मदर्शक बरोबर आणलं होतं. भेडीचं थेंबभर पाणी काचेवर घेऊन तिच्या हातात दिलं, उन्हाकडे तोंड करून बघ म्हटलं. बराच वेळ काही दिसेना. मग एकदम, "अहो! याचं काळीज दिसतंय!"

ती पाण्यातली पिसू होती, डॅफ्निया. मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, अंगाने पारदर्शक. पाठीकडे काळीज फडफडत असतं, इतकं जलद की ठोके मोजता येत नाहीत. मधोमध हिरवी रेघ दिसते ती आतडी, शेवाळ खाऊन हिरवी झालेली. पायांनी सतत पाणी ओढायचं, गाळायचं, त्यातलं शेवाळ आणि जिवाणू खायचे, हा तिचा दिवसभराचा उद्योग. आणि आमच्या गाळात मी वर्षानुवर्षं बघत आलो ती देठावरच्या घंटेसारखी दिसणारी एकपेशीय व्हॉर्टिसेला, तीही एका कचऱ्याला चिकटून होती. धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आखडतो. नोकरीत ती दिसली की आम्ही निश्चिंत व्हायचो. ती असेल तर टाकीची तब्येत ठीक, ती गायब झाली तर काहीतरी विषारी आलंय. कोलकात्यात कुणीतरी आपल्या गावचं भेटावं तसं झालं मला.

मोरीवरचा पोरगाही डोळा लावून बघून गेला. "पोका," तो म्हणाला, किडा, "माछेर खाबार." माशाचं खाणं. झालं की! आम्ही नोकरीत इथपर्यंतच यायचो. जिवाणू घाण खाऊन फुगले की त्यांचा गाळ व्हायचा, आणि त्या गाळाचं काय करायचं ही आमची आयुष्यभराची डोकेदुखी. इथे पुढचं पान मांडलेलं असतं. जिवाणूंनी कुजवलेल्या घाणीतून मिळालेल्या खतावर शेवाळ, शेवाळावर पिसवा, आणि त्यांच्यावर मासे, तेही चाळीसारखे मजल्यांनी राहणारे: वरच्या थरात पिसवा खाणारा कटला, मध्ये रोहू, तळाशी गाळ चिवडणारा मृगळ. सिल्व्हर कार्प तर कल्ल्यातल्या चाळणीने शेवाळच गाळून खातो. म्हणजे ट्रक भरून जायला हवा तो आमचा गाळ इथे टोपलीत बसून बाजारात जातो.

"उद्या परत येऊ," ही म्हणाली. उद्याचा दिवस तिचा होता.

तिसरा दिवस

या दिवशी कोरड्या भेड्या बघितल्या. हिवाळ्यात एकेक भेडी उपसून वाळवतात. तळ भेगाळतो, मग तो नांगरतात, साचलेला गाळ काढून बांधावर चढवतात. मोहाची पेंड टाकून नको ते मासे मारतात. मग सांडपाणी सोडायचं आणि दोन-तीन आठवडे नुसतं वाट बघायची. मासे सोडायची घाई करायची नाही.

आमचं नशीब असं की शेजारशेजारची तीन तळी तीन अवस्थांत होती. पहिल्यात कालच पाणी घेतलेलं: करडं-काळं, सडक्या अंड्याचा वास, वर फेस. हा वास मला झोपेतही ओळखू येतो. दुसरं आठवड्यापूर्वीचं, चहात जास्त दूध पडल्यासारखं तपकिरी, वास मातीचा. तिसरं हिरवंगार. तिन्हीत मिळून एक यंत्र नाही. आमच्याकडे हाच प्रवास काही तासांत उरकायचा, कारण जागा नसते. इथे जागा आणि वेळ खर्ची पडतो, वीज वाचते. फुकट काहीच नाही, हे मला तिथे उभं राहून नीट कळलं.

काठाकाठाने बांबूच्या कामट्या लावून जलपर्णीचा पट्टा राखलेला होता. आपल्याकडे जलपर्णी म्हटलं की नदीवर पसरलेला हिरवा गालिचा, डास आणि वर्तमानपत्रातले फोटो. इथे ती दावणीला बांधलेली. लाटांनी बांध ढासळू देत नाही, उन्हात माशांना सावली देते, आणि तिच्या केसाळ मुळांत गाळ अडकतो, शिवाय काही धातू शोषले जातात. पण वेळोवेळी काढून टाकावीच लागते. जागेवर कुजली तर घेतलेलं सगळं पाण्याला परत. धातूंच्या बाबतीत तर मी फार हुरळून जाणार नाही. मैला हे सजीवांचं खाणं आहे, क्रोमियम नाही. क्रोमियम वापरून कातडी कमावण्याचे कारखाने या पट्ट्याच्या कडेलाच आहेत, आणि तसलं पाणी मुळातच वेगळं ठेवण्याला पर्याय नाही. कोणताही जिवाणू धातू पचवून नाहीसा करत नाही, फार तर इकडून उचलून तिकडे ठेवतो.

बांधावर उभं राहिलं की क्षितिजावर इमारती दिसतात. सॉल्ट लेक नावाची अख्खी वसाहत अशाच तळ्यांवर हुगळीचा गाळ ओतून १९६० च्या दशकात उभी राहिली. उरलेलंही गेलं असतं. ध्रुवज्योती घोष नावाचे पश्चिम बंगाल सरकारचे अभियंते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शहराचं सांडपाणी जातं कुठे, याचा माग काढत इथवर आले आणि पुढे आयुष्यभर याच कामात राहिले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने भराव थांबवले, २००२ मध्ये रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत नाव आलं, २००६ मध्ये खास कायदा झाला. घोष २०१८ मध्ये गेले. आमच्याच धंद्यातला माणूस. कधी भेटलो असतो तर माझं ते प्रशिक्षणातलं हसू कबूल केलं असतं.

जाणाऱ्यांसाठी: ही तळी म्हणजे कुणाची तरी रोजीरोटी आहे, तिकीट काढून बघायचं ठिकाण नाही. त्यामुळे ओळखीने किंवा सहकारी संस्थेच्या कचेरीत विचारूनच बांधावर पाय ठेवा. ऑक्टोबर ते मार्च बरा. गमबूट न्या, पायताण टिकत नाही. हाताला जखम असेल तर पंजाची चाचणी दुसऱ्याला करू द्या, आणि साबण जवळ ठेवा. वेळ उरला तर बंदराच्या बाजूला मुदियाली इथे मच्छीमारांच्या सहकारी संस्थेची तळी आहेत. तिथे कारखान्यांचं पाणी जलपर्णीतून आणि एकामागून एक तळ्यांतून जातं. आमचं ते राहून गेलं.

राहिलं कारण संध्याकाळ तिला देणं भाग होतं. तांताची, म्हणजे बंगाली हातमागाची साडी घेतली. नलेन गुडाचा, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचा संदेश खाल्ला. हंगाम संपत आला होता, दुकानदार म्हणाला आठवड्याने आला असतात तर मिळाला नसता. संदेशाबद्दल मी काही लिहीत नाही, कारण मग भेड्या बाजूला राहतील.

चौथा दिवस

परतीची गाडी रात्रीची. पहाटे मासे धरताना बघायचे म्हणून पुन्हा भेडीवर. दहा-बारा जण छातीभर पाण्यात रांगेने जाळं ओढत होते, प्रत्येकाच्या शेजारी ॲल्युमिनियमची हंडी तरंगत होती. जाळं आवळत आलं तसं पाणी उकळल्यासारखं झालं. बगळे आणि पाणकावळे काठावर हजर, त्यांचा वाटा ते न विचारता घेत होते. सकाळच्या लिलावात बोली इतक्या वेगाने चालली होती की मला फक्त शेवटची टाळी कळली.

इथला ग्राहक मासा जिवंत मागतो. म्हणून हंडीत अर्ध्यापर्यंत पाणी, त्यात मासे, आणि एक माणूस सारखा तळव्याने पाण्यावर चापट्या मारत बसतो. थप, थप, थप. हात थांबला की दहा-पंधरा मिनिटांत मासे तोंड वर काढायला लागतात.

सायन्स सिटीपर्यंत एका टेम्पोने आम्हाला मागे बसवून घेतलं. समोर तीन हंड्या आणि विशीतला एक पोरगा, दोन हातांनी दोन हंड्या थापटणारा. तिसऱ्या हंडीवर मधूनच पाय सरकवून हात मारायचा. त्याचा फोन वाजला. त्याने एकदा फोनकडे, एकदा हिच्याकडे बघितलं. ही कालची नवी साडी नेसून आली होती. तिने बांगड्या मागे सारल्या आणि हात घातला.

पहिल्याच चापटीला कटल्याने शेपूट मारली, पदर भिजला. ती थांबली नाही. बायपासला लागेपर्यंत तिला लय सापडली होती. तिचा खांदा भरून आलेला दिसत होता, म्हणून मी म्हटलं, "दे इकडे, मी करतो थोडा वेळ."

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "तुम्ही ३१ वर्षं केलंत."

बोलायच्या नादात तिचा हात क्षणभर वर राहिला. पोरगा कानाचा फोन बाजूला करून ओरडला, थांबू नका म्हणून: "दीदी, थामबेन ना!"